योगायोगाने सापडलेली गाठ
अधिवृक्क ग्रंथीच्या अभ्यासाचा साडेचारशे वर्षांचा प्रवास

समजा, जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात शिकवणाऱ्या पन्नाशीच्या एका गुरुजींच्या पाठीत एप्रिलच्या उन्हात एकाएकी कळ उठली. उष्ण, कोरड्या हवेत घाम खूप जातो, पाणी पोटात कमी जाते आणि मुतखड्याचा त्रास बळावतो, हे आपल्याला ठाऊक आहे. गुरुजींनाही तीच शंका आली. जालन्याला जाऊन त्यांनी पोटाचा सीटी स्कॅन करून घेतला. खडा निघाला, तोही लहान, भरपूर पाणी पिऊन पडून जाईल असा. पण अहवालाच्या शेवटी आणखी एक ओळ होती. डाव्या मूत्रपिंडाच्या वर, अधिवृक्क ग्रंथीत, अडीच सेंटिमीटरची गाठ दिसते.

"गुरुजी, खड्याची काळजी नको. पण ही गाठ काय आहे ते बघायला हवं," डॉक्टर म्हणाले.

घरी परतताना गुरुजींच्या मनात खडा नव्हता, गाठच होती. गाठ म्हटले की कर्करोग, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले असते. शेजारचे एक जण म्हणाले, "लगेच काढून टाका." दुसरे म्हणाले, "काही होत नाही, विसरून जा." या दोन्ही सल्ल्यांत एक चूक समान आहे. दोघांनीही गाठ कसली आहे हे विचारलेले नाही.

हे गुरुजी आम्ही कल्पिलेले आहेत, पण त्यांची अडचण कल्पित नाही. सीटी स्कॅन जिल्ह्याच्या गावी पोहोचल्यापासून असे प्रसंग नेहमीचे झाले आहेत. इंग्रजीत अशा गाठीला 'इन्सिडेन्टलोमा' असे गमतीदार नाव आहे. दुसरेच काही शोधताना सहज सापडलेली गाठ, असा त्याचा अर्थ. तिच्याकडे कसे पाहावे हे समजून घ्यायचे, तर या ग्रंथीचा इतिहास पाहणे उपयोगी ठरते. त्या इतिहासात योगायोग पुन्हा पुन्हा भेटतो, आणि प्रत्येक वेळी पुढचे काम माणसालाच करावे लागलेले दिसते.

बक्षीस कोणालाच नाही

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या टोकावर एक छोटी, पिवळसर ग्रंथी टोपीसारखी बसलेली असते. तिचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. मूत्रपिंडाला शास्त्रीय मराठीत वृक्क म्हणतात, म्हणून त्यावर बसलेली ती अधिवृक्क. तिचे वर्णन इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्टाकी याने १५६३ साली केले. त्याच्या आधी कित्येकांनी मृतदेह चिरून पाहिले होते, पण मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीत ही ग्रंथी लपून राहिली होती.

ग्रंथी दिसली, पण तिचे काम काय? तिला नळी नव्हती. लाळग्रंथीतून लाळ बाहेर पडते, यकृतातून पित्त येते, तसे हिच्यातून काहीच बाहेर येताना दिसेना. फ्रान्समधील बोर्दो येथील विद्वत्सभेने १७१६ साली या प्रश्नावर निबंधस्पर्धा जाहीर केली. आलेल्या निबंधांचे परीक्षण करून अहवाल देण्याचे काम मोंतेस्क्यू यांच्याकडे होते. राज्यसत्तेच्या विभाजनाचा विचार मांडणारे, नागरिकशास्त्राच्या पुस्तकात भेटणारे हेच ते मोंतेस्क्यू. १७१८ साली त्यांनी सांगितले की एकही उत्तर बक्षिसाच्या लायकीचे नाही. इतक्या खटपटीने जे साधले नाही ते कदाचित एखाद्या दिवशी योगायोगच करून दाखवील, असेही ते म्हणाले.

शोधत होते एक, सापडले दुसरेच

त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. लंडनच्या गाय्ज रुग्णालयात थॉमस ॲडिसन नावाचे डॉक्टर एका विचित्र पांडुरोगाचा माग काढत होते. माणूस फिकट होतो, थकतो, मरतो, आणि कारण सापडत नाही. अशा रुग्णांचे शवविच्छेदन करताना काहींच्या अधिवृक्क ग्रंथी पार नासलेल्या त्यांना आढळल्या. हे रुग्ण वेगळेच होते. त्यांना कमालीचा थकवा येई, वजन उतरे, नाडी क्षीण होई, आणि त्वचा काळवंडत जाई. १८५५ साली ॲडिसन यांनी अशा अकरा रुग्णांची माहिती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या ग्रंथी क्षयरोगाने खाल्लेल्या होत्या. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार या शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढून पाहिल्या. प्राणी जगले नाहीत. म्हणजे ही चार ग्रॅमची टोपी जगण्यासाठी अत्यावश्यक होती.

ॲडिसन यांच्यापुढे ग्रंथी नष्ट झालेले रुग्ण होते. उलट प्रकार १८८६ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे पुढे आला. मिना रोल नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीला अधूनमधून झटके येत. छातीत धडधड, डोके फुटेल अशी वेदना, चेहरा पांढराफटक. ती दगावली. शवविच्छेदनात दोन्ही अधिवृक्क ग्रंथींत गाठी आढळल्या. फेलिक्स फ्रँकेल यांनी तिची हकीकत लिहून ठेवली. गाठींचा आणि झटक्यांचा नेमका संबंध काय, हे मात्र तेव्हा कळण्याजोगे नव्हते, कारण ग्रंथीतून काय स्रवते हेच माहीत नव्हते.

ती माहिती पुढच्या पंधरा वर्षांत हाती आली. हॅरोगेटचे एक डॉक्टर, जॉर्ज ऑलिव्हर, अधिवृक्काचा अर्क घेऊन लंडनमध्ये एडवर्ड शेफर यांच्या प्रयोगशाळेत आले. तो अर्क कुत्र्याच्या शिरेत सोडताच रक्तदाब भराभर वर चढला. १८९४-९५ मध्ये दोघांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९०१ साली जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञाने, आपला सहकारी केइझो उएनाका याच्या मदतीने, त्या अर्कातला कामाचा पदार्थ स्फटिकरूपात वेगळा केल्याचे जाहीर केले. तोच ॲड्रिनॅलिन. वर्गात कुत्रा शिरला की मुलांचे हृदय धडधडते, तळहाताला घाम फुटतो, त्यामागचे हे संप्रेरक.

आता मिना रोलच्या झटक्यांचा अर्थ लागला. ग्रंथीच्या आतल्या भागात, म्हणजे मध्यांगात, गाठ झाली तर ती ॲड्रिनॅलिन आणि त्याची भावंडे अवेळी रक्तात ओतते. भीतीचे कारण नसताना भीतीची सगळी लक्षणे दिसतात. ही गाठ क्रोमियमच्या क्षारात ठेवली की गडद होते, म्हणून १९१२ साली लुडविग पिक यांनी तिचे नाव ठेवले फिओक्रोमोसायटोमा.

१९२६ साली दोन शल्यविशारदांनी अशा गाठी यशस्वीपणे काढल्या, स्वित्झर्लंडमध्ये सेझार रू यांनी आणि अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी. आपण नेमकी कसली गाठ काढतो आहोत, याची कल्पना दोघांनाही शस्त्रक्रियेपूर्वी नव्हती. रुग्ण वाचले हे नशीब. अशा गाठीला धक्का लागला की ती संप्रेरकांचा लोंढा सोडते आणि रक्तदाब जीवघेणा होऊ शकतो. आज आधी काही दिवस औषधे देऊन रुग्णाची तयारी केल्याशिवाय तिला कोणी हात लावत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे आपल्या गुरुजींच्या कामी येणार आहे.

लक्षणांवरून गाठीकडे

ग्रंथीच्या बाहेरच्या थराला बाह्यांग म्हणतात. तिथे वेगळी संप्रेरके बनतात. साखर, चरबी आणि ताणतणाव यांचे व्यवहार सांभाळणारे कॉर्टिसॉल, मीठपाण्याचा हिशेब ठेवणारे अल्डोस्टेरॉन, आणि थोड्या प्रमाणात पुरुषी संप्रेरके. ही रसायने ओळखून त्यांचा औषधी उपयोग दाखवण्याच्या कामासाठी केंडल, राइकस्टाइन आणि हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हार्वे कुशिंग या मेंदूच्या शल्यविशारदाने १९१२ आणि १९३२ साली एका वेगळ्या आजाराचे चित्र मांडले. चेहरा चंद्रासारखा गोल, पोट सुटलेले पण हातपाय काटकुळे, पोटावर जांभळे पट्टे, कातडी पातळ, जरा लागले की काळेनिळे डाग. हे जास्तीच्या कॉर्टिसॉलचे काम. त्याला हुकूम देणारी पियुषिका ग्रंथी बिघडली तरी हे होते आणि अधिवृक्कात गाठ असली तरी होते.

जेरोम कॉन यांची गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. १९५४ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात त्यांच्याकडे चौतीस वर्षांची एक स्त्री आली. तिचा रक्तदाब वाढलेला होता, पायांतली शक्ती जात होती, वांब येत होते, आणि रक्तातले पोटॅशियम फार कमी होते. अल्डोस्टेरॉनचा शोध नुकताच, १९५३ मध्ये, सिम्पसन आणि टेट दांपत्याच्या गटाने लावला होता. हे संप्रेरक मूत्रपिंडाला मीठ राखायला आणि पोटॅशियम सोडायला लावते. कॉन यांनी लघवी, घाम, रक्त यांचा महिनोन् महिने हिशेब ठेवला आणि अनुमान काढले की हिच्या अधिवृक्कातून अल्डोस्टेरॉन जादा स्रवत असले पाहिजे. डिसेंबर १९५४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. उजव्या ग्रंथीत गाठ सापडली. ती काढल्यावर बाई सुधारल्या.

या काळातल्या कामाचा क्रम पाहा. आधी माणसाची तक्रार, मग तपासणी, मग तर्क, आणि सगळ्यांत शेवटी गाठ. शरीर उघडल्याशिवाय ग्रंथी दिसण्याची सोय जवळजवळ नव्हती. साध्या क्ष-किरण चित्रात ती उमटत नसे. मूत्रपिंडाभोवती हवा भरून तिची कड पाहण्याचा त्रासदायक उपाय डॉक्टर कधीकधी करत. त्यामुळे लक्षण न देणारी गाठ जिवंतपणी कळतच नसे. अशा गाठी नव्हत्या असे मात्र नाही. इतर कारणांनी मेलेल्या माणसांच्या शवविच्छेदनांत, शंभरात साधारण दोघांच्या अधिवृक्कात त्या सापडत आल्या आहेत. ही माणसे आपल्या गाठीसह जगली आणि दुसऱ्याच कारणाने गेली.

क्रम उलटला

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका रुग्णाच्या मेंदूचे चित्र नव्या यंत्राने काढले गेले. यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड डॉक्टर नव्हते. ते ईएमआय या कंपनीत काम करणारे अभियंता होते. वेगवेगळ्या कोनांतून क्ष-किरण सोडायचे, प्रत्येक वेळी किती किरण पलीकडे पोहोचले ते मोजायचे, आणि त्या सर्व समीकरणांवरून आतल्या प्रत्येक बिंदूची घनता संगणकाने काढायची, ही कल्पना. म्हणजे बेरजा दिलेल्या असताना चौकटीतले आकडे ओळखण्याचे कोडेच. या गणिताचा पाया स्वतंत्रपणे घालणारे ॲलन कॉर्मॅक यांना आणि हाउन्सफिल्ड यांना १९७९ मध्ये नोबेल मिळाले.

हे यंत्र लवकरच डोक्यावरून पोटाकडे वळले. पित्ताशय, आतडी, मूत्रपिंड पाहताना अधिवृक्क ग्रंथीही आपोआप चित्रात येऊ लागली. तिच्यातल्या गाठी दिसू लागल्या. १९८२ साली अमेरिकेतील गील्होड आणि ड्रूय या दोन डॉक्टरांनी 'इन्सिडेन्टलोमा' हा शब्द वापरून लेख लिहिला आणि विचारले की या गाठींचे करायचे काय?

आता क्रम पूर्ण उलटा झाला होता. गाठ आधी आली, रुग्ण नंतर. किंबहुना समोर बसलेल्या माणसाला रुग्ण म्हणायचे की नाही, हेच ठरायचे होते.

दोन प्रश्न

गेल्या चार दशकांच्या अनुभवातून या गोंधळाची उकल दोन प्रश्नांपर्यंत आली आहे. एक, ही गाठ कर्करोगाची आहे का? दोन, ती संप्रेरके बनवते आहे का?

पहिल्या प्रश्नाला चित्र मदत करते. सीटी स्कॅनमधली घनता ज्या एककात मोजतात त्याला हाउन्सफिल्ड यांचेच नाव आहे. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी सुमारे उणे १००. संप्रेरके कोलेस्टेरॉलपासून बनतात, म्हणून बाह्यांगाच्या साध्या गाठींत चरबीयुक्त द्रव्य भरपूर असते आणि त्यांचा आकडा खाली येतो. रंगद्रव्य न देता काढलेल्या स्कॅनमध्ये गाठ एकसारखी दिसते आणि तिची घनता १० किंवा कमी आहे, तर ती निरुपद्रवी धरतात. युरोपातील तज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा गाठीचे पुन्हा पुन्हा स्कॅन करण्याची गरज नाही. मुतखड्यासाठी होणारा स्कॅन बहुधा रंगद्रव्याविनाच असतो, त्यामुळे हा आकडा त्याच चित्रात मिळू शकतो. घनता जास्त असली म्हणजे कर्करोगच, असे मात्र नाही. काही साध्या गाठींत चरबी कमी असते. तेव्हा आकार, वाढीचा वेग आणि इतर तपासण्या पाहतात. चार सेंटिमीटरहून मोठ्या गाठीकडे अधिक संशयाने पाहिले जाते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चित्र देत नाही. गाठ बोलकी की मुकी, हे रक्त, लघवी आणि स्वतः माणूस सांगतो. इथे ॲडिसन, फ्रँकेल, कुशिंग आणि कॉन यांनी टिपून ठेवलेली लक्षणे पुन्हा उपयोगी पडतात. फरक एवढाच की सहज सापडलेल्या गाठीत ती पुस्तकातल्यासारखी ठळक नसतात.

डॉक्टर गुरुजींना विचारतील, अधूनमधून डोके दुखणे, घाम आणि धडधड एकत्र येते का? रक्तदाब कधी सुरू झाला, किती गोळ्या लागतात? मधुमेह आहे का, अलीकडे बिघडला का? जिन्यावर चढताना मांड्यांत बळ राहत नाही का? हाड सहज मोडले का? वजन उतरले का? स्त्री असेल तर, चेहऱ्यावर केस वाढले का, आवाज बदलला का? गंमत म्हणजे यातली काही उत्तरे "हो" अशी निघतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध आजवर कोणी जोडलेला नसतो. रक्तदाबाला वय जबाबदार, साखरेला आनुवंश जबाबदार, धडधडीला शाळेतली दगदग जबाबदार, असे आपण सुटे सुटे समजावून घेतलेले असते.

मग तपासण्या. रात्री अकराच्या सुमारास डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅम मात्रा घ्यायची आणि सकाळी आठ-नऊला रक्तातले कॉर्टिसॉल मोजायचे. निरोगी शरीर हे बाहेरचे स्टेरॉइड पाहून आपले उत्पादन थांबवते. गाठ स्वतःच्याच मर्जीने चालत असेल तर थांबत नाही. फिओक्रोमोसायटोमासाठी मेटानेफ्रिन नावाची द्रव्ये रक्तात किंवा लघवीत मोजतात. आकडा १० पेक्षा जास्त असेल तर ही चाचणी टाळून चालत नाही, कारण अशा गाठींपैकी काहींत झटके मुळीच येत नाहीत आणि रक्तदाबही नेहमी वाढलेला नसतो. ज्याचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा पोटॅशियम कमी आहे त्याचे अल्डोस्टेरॉन आणि रेनिन मोजतात. पोटॅशियम ठीक आहे एवढ्यावर विसंबत नाहीत. कॉन यांच्या रुग्णात ते फार घटले होते, पण या आजाराच्या अनेक रुग्णांत ते नेहमीसारखेच असते.

आणि एक पथ्य. फिओक्रोमोसायटोमा नाही याची खात्री होण्याआधी गाठीत सुई घालून तुकडा काढायचा नाही. मेयो आणि रू यांच्या वेळचा धोका आपण पाहिलाच आहे.

भागायचे कशाने?

आता आकडे. इटलीत १९८० ते १९९५ या काळात सहज सापडलेल्या अधिवृक्क गाठींची माहिती अनेक रुग्णालयांतून गोळा केली गेली आणि २००० साली प्रसिद्ध झाली. एकूण १००४ रुग्ण. त्यांतल्या ८५ टक्के गाठी संप्रेरकांच्या बाबतीत मुक्या होत्या. सुमारे ९ टक्के थोडे कॉर्टिसॉल जादा बनवत होत्या, ४ टक्क्यांच्या आसपास फिओक्रोमोसायटोमा होते, आणि दीड टक्क्याच्या आसपास अल्डोस्टेरॉन बनवणाऱ्या होत्या.

यांतल्या ३८० जणांवर शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या गाठींपैकी ४७ बाह्यांगाच्या कर्करोगाच्या निघाल्या. वर्गात विचारावे, कर्करोगाचे प्रमाण किती? ४७ ला ३८० ने भागले तर १२ टक्के येतात. १००४ ने भागले तर ५ टक्क्यांहून कमी. कोणता आकडा खरा? शस्त्रक्रियेसाठी मोठ्या आणि संशयास्पद गाठी निवडलेल्या होत्या, म्हणून पहिला आकडा सर्वसाधारण माणसाला लागू होत नाही. रुग्णालयात पोहोचलेले रुग्ण वेगळे, गावात सहज स्कॅन झालेले लोक वेगळे. दुसऱ्या गटात प्रमाण आणखी कमी असणार. छेद कोणता हे न विचारता टक्केवारी वाचली की माणूस उगाच घाबरतो.

मुक्या गाठींचा आकडाही व्याख्येवर अवलंबून आहे. वरच्या रात्रीच्या चाचणीची मर्यादा पुढे खाली आणली गेली, तेव्हा थोडे कॉर्टिसॉल बनवणाऱ्या गाठींचे प्रमाण बरेच वाढले. गाठी तशाच राहिल्या, मोजपट्टी बदलली. ही वाढ निव्वळ कागदावरची मात्र नाही. अशा किंचित जादा कॉर्टिसॉलचाही रक्तदाब, मधुमेह आणि हाडांची झीज यांच्याशी संबंध दिसून आला आहे.

आपल्याकडचे तीन मुद्दे

परदेशी पुस्तकातले सगळे जसेच्या तसे आपल्याला लागू पडत नाही. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी एकदम मोठ्या दिसल्या, तर आपल्याकडे क्षयरोगाचा विचार आधी करावा लागतो, म्हणजे ॲडिसन यांचे जुने पुस्तक पुन्हा उघडावे लागते. हिस्टोप्लाझ्मा नावाच्या बुरशीचा संसर्गही भारतात आढळतो. अशा रुग्णात गाठ मोठी असूनही ग्रंथी निकामी होत असते. थकवा, उलट्या, घटलेले वजन, उभे राहताच येणारी घेरी, हिरड्यांवर आणि तळहाताच्या रेषांत आलेला काळेपणा या खुणा. इथे प्रश्न जादा संप्रेरकाचा नसून तुटवड्याचा असतो, आणि वेळेवर ओळखले नाही तर जीव जातो. दुसऱ्या अवयवाचा कर्करोग अधिवृक्कात पसरला तरी दोन्हीकडे गाठी दिसू शकतात.

दुसरा मुद्दा गोल चेहऱ्याचा. सांधेदुखीवर, दम्यावर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्या महिनोन् महिने घेतल्या की कुशिंग यांनी वर्णिलेले चित्र हुबेहूब उभे राहते. पण अशा माणसाची अधिवृक्क ग्रंथी मोठी होत नाही. काम नसल्याने ती आक्रसते. पुडी एकदम बंद केली की शरीराकडे स्वतःचे कॉर्टिसॉल नसते. म्हणून डॉक्टरांपुढे पुडीची गोष्ट लपवायची नाही, आणि ती आपल्या मनाने झटक्यात थांबवायचीही नाही.

तिसरा मुद्दा कुटुंबाचा. मिना रोलची गोष्ट १८८६ मध्ये संपली नाही. २००७ साली जर्मन संशोधकांनी तिच्या कुटुंबाचे आजचे वंशज शोधून काढले. त्यांच्यात आरईटी या जनुकातला दोष सापडला, जो अधिवृक्काच्या गाठींबरोबर थायरॉइडचा एक कर्करोगही निर्माण करतो. मिनाच्या दोन्ही बाजूंना गाठी का होत्या, याचे उत्तर १२१ वर्षांनी मिळाले. आपल्या महाराष्ट्रातही असे काम झाले आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अंतःस्राव विभागाने फिओक्रोमोसायटोमा आणि त्याच जातीच्या इतर गाठी असलेल्या १५० रुग्णांचा जनुकीय अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध केला. जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांत जन्मजात जनुकीय दोष आढळला. अशी गाठ निघाली तर भावंडांची आणि मुलांची तपासणी का करायची, ते यावरून कळते.

पुन्हा गुरुजींकडे

आता आपण अंबडच्या गुरुजींना काय सांगू? अहवालाचा कागद फाडू नका आणि शस्त्रक्रियेची घाईही करू नका. सीडी किंवा फिल्म जपून ठेवा, घनतेचा आकडा विचारा. रक्तदाब नीट मोजून घ्या. वर सांगितलेल्या तपासण्यांपैकी आपल्याला कोणत्या लागू आहेत ते अंतःस्रावतज्ज्ञाला विचारा. जालन्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, शेजारी छत्रपती संभाजीनगरात १९५६ पासूनचे आहे. तिथे विचारणा करता येते. गाठ लहान, चरबीयुक्त आणि मुकी निघाली, आणि बहुतेकांची तशीच निघते, तर ती आहे तिथे राहू द्यायची. अल्डोस्टेरॉनचा उपद्रव निघाला तर पंधरा वर्षे गोळ्यांनी न वठणीवर आलेल्या रक्तदाबाचे मूळ हाती लागेल. फिओक्रोमोसायटोमा निघाला तर खड्याने गुरुजींचा जीव वाचवला असेच म्हणावे लागेल.

मोंतेस्क्यू यांनी जे काम योगायोगावर सोडले होते ते योगायोगाने अर्धेच केले. ॲडिसन यांना नासलेली ग्रंथी अचानक दिसली, पण अकरा रुग्णांच्या नोंदी त्यांनी बसून लिहिल्या. मेयो यांच्या हाताला गाठ अवचित लागली, पण ती काय होती हे पुढच्यांनी शोधले. यंत्र आज गुरुजींची गाठ दाखवते. तिचा अर्थ लावायचा तर कोणीतरी त्यांच्यासमोर बसून डोकेदुखी, घाम, रक्तदाब, गोळ्या आणि पुड्या यांची चौकशी करावी लागते, आणि गुरुजींनी खरे सांगावे लागते.

शाळेत अंतःस्रावी ग्रंथींचा धडा येतो तेव्हा अधिवृक्क ग्रंथी एका ओळीत संपते, आणीबाणीची ग्रंथी म्हणून. त्या ओळीनंतर पाच मिनिटे काढून कॉन यांच्या रुग्णाची गोष्ट सांगावी. रक्तदाब, अशक्तपणा आणि कमी पोटॅशियम हे तीन दुवे फळ्यावर लिहावेत आणि गाठ कुठे असेल ते मुलांना ओळखू द्यावे. मग चौथा दुवा उलटा द्यावा. गाठ दिसते आहे, आता त्या माणसाला कोणते प्रश्न विचाराल? मुले काय विचारतात ते आम्हाला जरूर कळवा.